मास्तरांना मी ‘थांबा’ म्हणालो

मी साडेचार महिने मालक होतो. खरं म्हणजे झालो नव्हतो, होणार होतो. पण तेवढ्यावरच माझी चाल बदलली होती, असं माझी बायको सांगते. एरवी चाळीचा जिना उतरताना मी खालच्या मजल्यावर दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जात नसे. त्या दिवसांत म्हणे मी नुसती मान हलवायचो, आणि तीही अशी की समोरच्याला वाटावं, याची मान अवघडलीय. मला हे आठवत नाही. पण बायकोला आठवतं, म्हणजे झालं असणार.

आमची कंपनी स्पोर्ट्स कार बनवायची. नाव सांगत नाही, आता सांगण्यात अर्थही नाही. गाडी मूळची परदेशातली. तिथून इंजिन आणि सांगाडा खोक्यांतून यायचा आणि शिवडीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये जोडणी व्हायची. वर्षाला अगदी मोजक्या गाड्या. गाडी इतकी बुटकी की लालबागच्या स्पीडब्रेकरवरून न्यायची तर आधी कुणीतरी खाली वाकून बघायला हवं. ती घेणारी माणसं आमच्या ओळखीपाळखीतली असणं शक्यच नव्हतं. पण तिच्या आतली सगळी शिवण, म्हणजे सीटा, दारांची अस्तरं, स्टिअरिंगवरचं चामडं, हे शिवडीत हाताने व्हायचं, आणि गिऱ्हाईक त्यावरच भाळायचं. ऑफिस मात्र लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात, काचेच्या इमारतीत. लोकांना वाटायचं, ती माझ्या वडिलांचीच गिरणी. तसं असतं तर चारचौघांत सांगायला बरं झालं असतं. बाबांची गिरणी तिथून दोन गल्ल्या पलीकडे होती.

मी तिथे एचआर मॅनेजर. माणसं घ्यायची, त्यांच्या रजा बघायच्या, दसऱ्याची पूजा नीट पार पाडायची, आणि वेळ आली की माणसं कमीही करायची. हे शेवटचं काम मी वाईट तोंड करून करायचो, एवढाच काय तो माझा चांगुलपणा.

चामड्याची शिवण मास्तर करायचे. शिंप्याला आपल्याकडे सगळेच मास्तर म्हणतात, तसं यांनाही. काळाचौकीला आमच्याच चाळीत, आमच्याच मजल्यावर, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला त्यांची खोली. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे. दोघांचीही गावं कुडाळकडची. पूर्वी ते लालबागला एका पोटमाळ्यावर बसून टॅक्सीच्या सीटा आणि सोफे शिवायचे, गणपतीच्या आधी मंडपाच्या झालरी. त्यांना कंपनीत मी आणलं. पहिल्या दिवशी परदेशातून आलेली नमुन्याची सीट त्यांच्यापुढे ठेवली, तर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ती उलटी केली, खालून बोट फिरवलं आणि म्हणाले, “टाको सरळ नाय हा.” शेजारी परदेशी इंजिनिअर उभा होता. मास्तर काय म्हणाले, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, त्यांना काम फार आवडलं. दोन महिन्यांनी तिकडच्या कारखान्याने मास्तरांच्या टाक्याचे फोटो मागवून घेतले.

त्यांची एक पद्धत होती. सीट पुरी झाली की चपला काढून ते तिच्यावर बसायचे आणि डोळे मिटायचे. दोन-तीन मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. मग उठून एकतर “जाऊंदे” म्हणायचे, नाहीतर गुपचूप उसवायला घ्यायचे. कोट्यवधी रुपयांच्या गाडीच्या त्या सीटवर पहिला बसणारा माणूस काळाचौकीच्या दहा बाय बाराच्या खोलीतला असायचा. मला याचा फार अभिमान होता. पाहुण्यांना मी ते मुद्दाम दाखवायचो.

परदेशातल्या मूळ कंपनीला इथला कारखाना नकोसा झाला, तिथून सगळं सुरू झालं. तिकडे काय बिघडलं होतं ते आम्हाला नीट कळलं नाही. पण विकायचा हे नक्की होतं. आमच्या मोठ्या साहेबांनी सुचवलं, बाहेरचं गिऱ्हाईक येऊन आपल्याला हाकलणार, त्यापेक्षा आपण मॅनेजरांनीच हा कारखाना विकत घेऊ. याला मॅनेजमेंट बायआऊट म्हणतात. पैसा बराचसा एका गुंतवणूकदाराचा, थोडा आमचा, आणि मालक म्हणून नावं आमची. पाच मॅनेजर निवडले गेले. पाचवा मी.

मला का घेतलं, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. बाकीचे चौघे इंग्रजीत विचार करणारे. शिवडीची माणसं सांभाळायला त्यांना त्या माणसांतला एक हवा होता. पण हे ठाऊक असूनही मला जो आनंद झाला तो काही खोटा नव्हता. माझे वडील मागावर उभे राहायचे. मी संध्याकाळी ऑफिसच्या काचेतून खाली गिरणीची उरलेली चिमणी बघायचो आणि मनात म्हणायचो, मालक. एकदा तर मोठ्याने म्हणालो. चहा घेऊन आलेल्या बाईंनी “काय साहेब?” विचारलं, तेव्हा “काही नाही” म्हणून मी कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं.

आम्हा पाचजणांकडून गुप्ततेच्या कागदांवर सह्या घेतल्या. मग साहेबांनी मला एक यादी करायला सांगितली. मालकी आपल्याकडे आल्यावर कोण राहणार, कोण जाणार. गुंतवणूकदाराला खर्च कमी झालेला दिसायला हवा होता. सीटा यापुढे चाकणच्या एका पुरवठादाराकडून तयार येणार, असं ठरलं. यादीत मी टाइप केलं : शिवण विभाग बंद. हातातल्या गाड्या पोचवून झाल्या की लगेच. त्या विभागात तीन माणसं होती, आणि पहिलं नाव मास्तरांचं होतं. मी ते टाइप केलं, एकदा वाचलं आणि फाइल पाठवून दिली. त्यानंतर मी डबा खाल्ला, मेथीची भाजी होती.

साहेबांचं एक सांगणं मात्र राहिलं होतं. “दिवाळीनंतर इन्व्हेस्टरची माणसं वर्कशॉप बघायला येणार. तेव्हा तुझा तो मास्तर तिथे बसलेला पाहिजे हां. हाताने शिवताना. तोच तर आपला शो आहे. त्याला तोपर्यंत सोडू नकोस.”

मी म्हणालो, “तो माझ्यावर सोडा.”

इथे मला बाबांची एक गोष्ट सांगायला हवी, कारण मी जे केलं ते न कळून केलं, असं मला म्हणता येऊ नये. मी नऊ वर्षांचा असताना बाबांची गिरणी बंद होती. संप ओसरला होता, पण गेट उघडणार की नाही, कुणालाच कळत नव्हतं. आमच्या चाळीत त्या गिरणीचा टाइमकीपर, म्हणजे हजेरी मांडणारा कारकून, राहायचा. त्याचं ऑफिसात जाणंयेणं चालू होतं. माझ्या आत्याचे यजमान गोदीत होते, ते बाबांना तिथे चिकटवायला तयार होते. फक्त लगेच ये म्हणत होते. बाबांनी टाइमकीपरला विचारलं, जाऊ की थांबू? तो म्हणाला, थांब, पुढच्या महिन्यात भोंगा वाजतोय. बाबा थांबले. भोंगा वाजला नाही. गोदीतली जागा दुसऱ्याला गेली. पुढे कळलं की माग विकून टाकायचं तेव्हाच ठरलं होतं आणि त्याचे कागद टाइमकीपरच्याच हातून गेले होते. बाबांनी नंतरची सगळी वर्षं लालबागच्या एका दुकानात चिवड्याची पाकिटं भरली.

ते त्याच्याशी भांडले नाहीत. शिवी दिली नाही. त्या वर्षी दसऱ्याला टाइमकीपर नेहमीसारखा आपट्याची पानं घेऊन सगळ्या चाळीत फिरला आणि आमच्याही दारात आला. “सोनं घ्या,” म्हणाला. बाबा पाटावर बसले होते, हात गुडघ्यांवर. त्यांनी हात उचलला नाही. नुसते त्याच्याकडे बघत राहिले. तो उभा राहिला, मग पान परत खिशात घालून निघून गेला. पुढे तीन-चार वर्षं हेच. शेवटी तो डोंबिवलीला राहायला गेला. मला त्या माणसाची दया यायची आणि बाबा उगाच ताणतात, असं वाटायचं.

तर बायआऊटच्या त्या वर्षी घट बसले, त्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मास्तर माझ्याकडे आले. शिवडीच्या वर्कशॉपच्या मागे एक पिंपळ आहे, त्याच्या पारावर आम्ही डबे घेऊन बसलो. त्यांनी डबा उघडला नाही.

“पितृपक्ष होतो म्हणान बोललंय नाय,” ते म्हणाले. “गोव्याक एक कंपनी आसा, बोटी बनवतत. मोठ्या लोकांच्या. त्यांका सीटा शिवूक आणि पोरांका शिकवूक माणूस व्हयो. माका बोलवतत. रवाक खोली देतत. गावाकडे तासाभरात जाता येता.”

“चांगलं आहे की,” मी म्हणालो.

“चांगला तर आसाच. दसऱ्यापर्यंत सांगा म्हणाले. पण हय लोक बोलतत की कंपनी तुम्ही लोकच घेतलात. परका कोण येणार असता तर मी इचारलंय नसतंय, सरळ गेलंय असतंय. तू मालक होणार तर तुका सोडून कसो जाव?” मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “खरा सांग झिला. थांबू की जाव?”

झिल म्हणजे आमच्याकडे मुलगा. माझ्या वयाच्या माणसाला असं म्हणणारी माणसं आता फार उरलेली नाहीत.

या एका क्षणावर मी नंतर इतका विचार केलाय की त्याची सालं निघालीत. मी कागदावर सही केली होती, हे खरं. मला काही सांगता येत नव्हतं, हेही खरं. पण सहीने माझ्याकडून फक्त गप्प बसणं मागितलं होतं. “मास्तर, मला नका विचारू,” एवढं मी म्हणालो असतो तरी त्यांना पुरलं असतं. त्यांचं आयुष्य गिरणगावात गेलंय, ऑफिसातला माणूस नजर टाळतो तेव्हा काय समजायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको. त्यांनी दुसऱ्याच दिवशी गोव्याला फोन केला असता. मी गप्प बसलो असतो तर मास्तर वाचले असते.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. “थांबा मास्तर,” म्हणालो. “कुठे जाता या वयात? मी आहे ना.”

मग त्यांनी डबा उघडला. त्यांच्या घरची काळ्या वाटाण्याची उसळ त्यांनी निम्मी माझ्या डब्याच्या झाकणात काढली. मी ती खाल्ली आणि चांगली झालीय असं सांगितलंही.

दसऱ्याला वर्कशॉपमध्ये यंत्रांची पूजा असायची. गिरण्यांत जुनी रीत होती, त्या दिवशी घरच्यांना आत यायला मिळायचं. बायकापोरं साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, मधून फिरायची, आपला बाप कुठे उभा राहतो ते बघायची. कंपनीत ही रीत मीच सुरू केली होती. गाडी उचलायच्या लिफ्टला झेंडूची तोरणं, हत्यारांना हळदकुंकू, गाडीच्या चाकाखाली लिंबू, आणि घरची माणसं एकेक करून गाडीत बसून फोटो काढणार. नारळ सगळ्यांत वयस्क कामगाराने फोडायचा. म्हणजे मास्तरांनी.

त्या वर्षी मी बाबांनाही टॅक्सीने नेलं. चौऱ्याऐंशीचे बाबा, बऱ्याच दिवसांनी घराबाहेर पडले होते. त्यांना खुर्ची दिली. मास्तर नवीन पांढरा शर्ट घालून आले होते, बायको, सून, नात सगळ्यांना घेऊन. नारळ त्यांच्या हातात दिला तर त्यांनी तो माझ्यापुढे धरला. “यंदा मालकान फोडूक व्हयो,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नको नको म्हणालो, जेवढं म्हणायची पद्धत असते तेवढंच, आणि फोडला. मग मास्तरांच्या बायकोने तबक घेऊन मला ओवाळलं. त्या माझ्या आईच्या मागे आमच्या घरी भाकऱ्या थापून देत असत. त्या निरांजनाच्या उजेडात मी हसत उभा होतो, तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. तो काढून टाकायलाही हात होत नाही आणि बघवतही नाही.

मास्तर बाबांपाशी जाऊन बसले. “काका, गोव्याचा काम इलेला. पण झिलान सांगल्यान थांबा, थांबलंय. आपलो माणूस मालक झालो, आता कसली भीती?”

परतताना टॅक्सीत बाबांनी खिडकीबाहेर बघतच विचारलं, “ह्याका ठेवतलंस मां?”

“हो,” मी म्हणालो.

“नक्की?”

“नक्की म्हणजे काय बाबा, सांगितलं ना,” मी चिडून म्हणालो. टॅक्सीवाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं.

दिवाळीनंतर गुंतवणूकदाराची माणसं आली. तीन तरुण मुलं, पायांत मोजे न घालता बूट. मास्तर शिवत बसले होते. मुलांनी त्यांचा व्हिडिओ काढला, “वॉव, अंकल” म्हणाली, एक जण तर त्यांच्या पायाशी उकिडवा बसला. मास्तरांनी त्याला सुई कशी धरायची ते दाखवलं. साहेबांनी मला लांबून अंगठा दाखवला. आणि महिन्याभरात गुंतवणूकदाराने अंग काढून घेतलं. कारण काही तरी परदेशातलं सांगितलं, व्याजाचं की कायद्याचं, आम्हाला एका ईमेलमध्ये कळलं. बायआऊट बारगळला. मूळ कंपनीने थांबायला नकार दिला, कारखान्याला टाळं लावलं, यंत्रं खोक्यांत घालून ज्या वाटेने आली होती त्याच वाटेने गेली. पाच मालक आणि सगळे कामगार एकाच दिवशी रस्त्यावर आले. मी केलेली यादी कुणालाच लागली नाही.

म्हणजे ज्यासाठी मी खोटं बोललो ते घडलंच नाही. हे मला आधी जास्त बोचायचं. खोटं निदान कामाला तरी यायला हवं होतं, असं वाटायचं. असलं वाटणं किती हलकट आहे, ते कळायला मला आणखी काही महिने लागले.

साहेबांना दुसरीकडे लगेच मिळालं. मलाही मिळालं, अंधेरीत, छोट्या कंपनीत. मास्तरांनी गोव्याला फोन केला. तिथल्या लोकांनी तोवर रत्नागिरीकडचा एक माणूस घेतला होता. मास्तर आता परळच्या एका गॅरेजच्या पायरीवर बसून बाइकच्या सीटांना रेक्झिन चढवतात. मी तिकडून जायचं टाळतो. अंधेरीहून येताना सरळ रस्ता तोच आहे, म्हणून मी चिंचपोकळीकडून वळसा घेतो.

जानेवारीतल्या एका रविवारी ते आमच्याकडे आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही तरी होतं. मला वाटलं, जाब विचारायलाच आले. मी मनाशी उत्तरं जुळवायला लागलो. ते बाबांच्या कॉटवर टेकले आणि म्हणाले, “वायट वाटून घेव नको हां झिला. आमचा काय, आम्ही शिवणारे, खयव बसान शिवू. तुझा मोठा नुकसान झाला. मालक होता होता रवलंस.”

ते माझं सांत्वन करायला आले होते. कागद उलगडला तर आत खुर्चीवरची गादी होती, गाडीच्या उरलेल्या तांबूस चामड्याची. कडेने दुहेरी टाका, एकही वाकडा नाही.

“तुझ्या डायरेक्टरच्या खुर्चीसाठी घेतली होती शिवूक,” ते म्हणाले. “दसऱ्यापासना. आता ऑफिस नाय, पण गादी कशाक फुकट घालवू? घरातल्या खुर्चीर घाल.” मग चपला काढून, गादी खुर्चीवर ठेवून, स्वतः तिच्यावर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. आमच्या खोलीत टीव्ही चालू होता, तो बायकोने बंद केला. थोड्या वेळाने उठून ते म्हणाले, “जाऊंदे.”

ते गेल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. यादी, साहेबांचं सांगणं, पिंपळाचा पार, सगळं. का सांगितलं, कोण जाणे. कुणाला तरी सांगितल्यावर बरं वाटतं, असं ऐकून होतो. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. “तेका सांगितलंस?” एवढंच विचारलं. मी म्हणालो, सांगेन. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी, जेवताना, औषध घेताना, ते तेवढंच विचारायचे, “सांगितलंस?” मी कधी म्हणायचो ते गावी गेलेत, कधी त्यांच्या घरी पाहुणे आहेत. बाबा त्यावर वाद घालायचे नाहीत. त्या गादीवर आमच्या घरात कुणी बसत नाही. बायको पाहुण्यांना सांगते, नवीन आहे, मळेल.

मग परवाचा दसरा आला. सकाळी आंघोळ करून मी पहिलं पान बाबांपुढे धरलं. दरवर्षी पहिलं त्यांनाच.

“आदी तेका जाऊन सांग,” बाबा म्हणाले. “मगे माका दी.”

बाबांचं पान खिशात ठेवून मी दुसरं हातात घेतलं. गॅलरीतून मास्तरांच्या दारापर्यंत वीस-बावीस पावलं. दारात रांगोळी होती, शिलाई मशीनला झेंडूची माळ. मास्तर खाली बसून सणाच्या दिवशीही कुणाची तरी सीट शिवत होते. मला बघून हसले. “येवा मालक,” म्हणाले. ते अजून मला मालक म्हणतात, थट्टेने आणि मायेने.

“मास्तर, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय,” मी म्हणालो. आवाज नीट निघाला होता. मी तो गॅलरीत चालताना दोनदा करून बघितला होता.

“सणाच्या दिवशी उभ्यान काय बोलतंस? आदी सोना दी.” आणि त्यांनी माझ्या हातातून पान स्वतःच घेतलं, कपाळाला लावलं आणि मशीनवर, माळेखाली ठेवलं. मी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला. त्या बोटांना मेणाचा आणि चामड्याचा वास होता. त्यांच्या बायकोने शिऱ्याची बशी आणून दिली.

“बरा झाला इलंस,” मास्तर म्हणाले. “गोव्याच्या लोकांनी सांगल्यानी, दिवाळीनंतर बघू. तो रत्नागिरीवालो काय टिकणा नाय. तू एकदा त्यांच्या साहेबाशी इंग्रजीत बोलशीत? तुझ्या शब्दाक वजन आसा.”

मी हो म्हणालो. शिरा संपवला. बशी स्वतः मोरीत नेऊन ठेवली, जणू तेवढ्याने काही फिटणार होतं. मग घरी परत आलो.

बाबा कॉटवर पाय खाली सोडून बसले होते, हात गुडघ्यांवर. माझीच वाट बघत असावेत.

“घेतल्यान?” त्यांनी विचारलं.

“घेतलं,” मी म्हणालो.

“सगळा ऐकान घेतल्यान?”

मी खिशातून त्यांचं पान काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. “बाबा, सोनं.”

त्यांचे हात गुडघ्यांवरच राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, नुसतंच. आतून बायको काहीतरी विचारत होती, ते मला ऐकू येत नव्हतं. टाइमकीपर आमच्या दारात फार वेळ उभा राहायचा, असं मला लहानपणी वाटायचं. तितका वेळ मी उभा राहिलो, आणि मग ते पान परत खिशात ठेवलं.